भोयर सरांचा हिमालय

१२ एप्रिल

आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचायची नाही. मी गेल्यावर कुणी छापलीच तर माझी हरकत नाही, पण तूर्त नाही.

कारण असं की आज स्टाफरूममध्ये हेडमास्तरांनी जाहीर केलं, तीस जूनला माझा निरोप समारंभ आणि त्यात माझं शेवटचं व्याख्यान. विषय त्यांनीच ठरवला: ‘हिमालय आणि मी’. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

थोडी पार्श्वभूमी. मी भूगोल शिकवतो. हिमालय शिकवावा तर भोयर सरांनी, असं सगळं पुलगाव म्हणतं. फार वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीनं विचारलं होतं की सर, तुम्ही गेलते का हिमालयात? मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. त्या दिवशी लाइट नव्हती, पंखा बंद होता, मान तशीही हलत होती. पुढे पोरांनी आपापसात त्यात भर घातली. तंबू त्यांनीच घातला, हिमवादळही त्यांचंच. लष्करी अधिकाऱ्यानं पाजलेला चहा मात्र मी घातला, पण तो धडा रंगावा म्हणून.

मी हिमालय पाहिलेला नाही असं म्हणणं बरोबर होणार नाही. नकाशात रोज पाहतो. प्रत्यक्ष तेवढा राहिलाय.

निश्चय: मे महिन्यात जायचं. कुमाऊँमध्ये एक टेकडी आहे. सकाळी चढायची, संध्याकाळी उतरायची, आणि माथ्यावरून बर्फाची अख्खी रांग समोर दिसते. डोळ्यांनी पाहायचं, फोटो काढायचा आणि तीस जूनला ताठ मानेनं बोलायचं. एकदा पाहिलं की आधी सांगितलेलं सगळं आपोआप खरं होतं.

१३ एप्रिल

पौर्णिमाला सांगितलं. बायको म्हणून तिनं आनंद दाखवायला हवा होता. ती म्हणाली, लग्नानंतर चिखलदऱ्याले नेतो म्हणलं होतं, ते आधी करा. मी शांतपणे समजावलं की हिमालयात चिखलदरा येऊन जातो. मग म्हणाली की मग मलेही यायचं हाय. मी होकार दिला. कुणीतरी फोटो काढायला लागेलच.

१५ एप्रिल, पहाटे

साडेचारचा गजर. गजर बंद करायला उठणं हाही एक व्यायाम आहे. उद्यापासून नियमित.

१८ एप्रिल

नाचणगावात चढ नाही. शोधून पाहिला. आमच्या घरापासून पुलगावपर्यंत सगळं सपाट. यात माझा दोष नाही, भूरचनेचा आहे. शेवटी पुलगाव स्टेशनचा पादचारी पूल निवडला. पाठीवरच्या पिशवीत तांदूळ घेतले. वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. वर उभं राहून दूरवर पाहिलं. मालगाडी दिसली.

तिथे रजत भेटला. माझा जुना विद्यार्थी, आता स्टेशन रोडवर त्याचं छपाईचं दुकान आहे. त्यानं विचारलं, सर कोणत्या गाडीनं चालले. मी म्हटलं, सराव करतोय, हिमालयात जातोय. तर म्हणतो, तुमी तं गेलते ना अगोदर. मी म्हटलं, पुन्हा. गुरूबद्दलचा आदर त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. त्यानं मला आलुबोंडा खायला घातला. तर्रीसकट. दोन खाल्ले. घरी ऑटोनं आलो, कारण सरावानंतर स्नायूंना विश्रांती लागते.

२४ एप्रिल

पारा चव्वेचाळीसच्या वर. अशा गावात राहून थंडीची सवय कशी करायची, हा प्रश्न मी शास्त्रीय पद्धतीनं सोडवला. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, पाण्यात बर्फाची लादी टाकली, आणि ओला बनियन घालून थेट समोर बसलो. एक तास. पौर्णिमा दारातून पाहून गेली. कौतुक करायची तिची ही पद्धत आहे.

२६ एप्रिल

सर्दी. डॉक्टर म्हणतात, कूलरसमोर बसू नका. डॉक्टरांना गिर्यारोहणातलं कळत नाही.

३ मे

तळेगावहून सासूबाई आल्या. यशोदाबाई, वय सत्तरीच्या पुढे. कुरड्या-पापड करायला आल्या, हिमालयाचं कानावर पडलं आणि म्हणतात मीही येतो. कारण विचारलं. म्हणाल्या, मले बर्फ पाहाचा हाय जवाईबापू, कुल्फीवाल्याचा नाई, देवाचा.

मी एका बाजूला नेऊन पौर्णिमाला समजावलं की ही पदयात्रा आहे, चढ आहे, मोहिमेचा वेग सगळ्यात हळू माणसावर ठरतो. ती म्हणाली की मग तं आई येऊ दे, काही फरक नाई पडत. हे ती काय म्हणाली यावर विचार करायला वेळ नाही.

सोय म्हणून सासूबाईंसाठी खच्चर सांगून ठेवलं. मुक्कामाच्या घरवाल्याला फोन केला, हिंदीत बोललो. खर्च माझा. जावई असावा तर असा.

७ मे

पुंडलिकरावही येणार. आमचे शेजारी. दोन म्हशी, एक मिशी आणि रोडग्यांवर प्रभुत्व. विहिरीला पाणी लागो, पोरगं पास होवो, म्हैस व्यावो, पुंडलिकराव शेतात गोवऱ्यांचा जाळ करतात आणि कणकेचे रोडगे भाजतात. त्यांचं म्हणणं असं की एवढ्या मोठ्या डोंगरापुढे कोरड्या हातानं काऊन जायचं. माथ्यावर रोडगे करू, वांग्याची भाजी करू, पहिला रोडगा हिमालयाले.

कल्पना मला आवडली. इतक्या उंचीवर रोडगे कुणी केले असतील असं वाटत नाही. व्याख्यानात एक परिच्छेद होईल.

गोवऱ्यांचा प्रश्न आला. मी सांगितलं, त्या उंचीवर गुरंढोरं विरळ असतात, गोवऱ्या इथूनच न्याव्या लागतील. पुंडलिकराव लगेच हो म्हणाले. म्हशी त्यांच्याच आहेत.

१५ मे

बॅगा भरल्या. गोवऱ्या माझ्या नव्या सुटकेसमध्ये, कारण तिला चाकं आहेत. माझे कपडे पौर्णिमाच्या बॅगेत. शिवाय कणीक, तूप, वांगी, मसाला, परात. वर्ध्याहून ट्रेकिंगचे बूट आणले. चावतात. दुकानदार म्हणाला की चालून चालून सैल होतील. आज घालून बसलो. बसून होत नाहीत.

१७ मे, रेल्वेत

सेवाग्रामहून गाडी पकडली. डब्यात थोडा वास आहे. समोरच्या बाईंनी दोनदा चपला तपासल्या. मग त्यांच्या पोरानं माझ्या सुटकेसकडे बोट दाखवलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. सासूबाईंनी मात्र झाकण उघडून दाखवलं आणि सांगितलं की हिमालयात नेऊन राह्यलो. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. आमच्यासाठी जागाही ऐसपैस झाली.

तीन वेळा जेवलो. प्रवासात ऊर्जा साठवून ठेवावी.

१९ मे, रात्री, डोंगरातलं गाव

काठगोदामपासून जीप. वळणं. मला उलटी झाली नाही. शरीरानं उंचीशी जुळवून घेतलं, ते जरा आवाज करून घेतलं.

रस्त्यात गाई दिसल्या. बऱ्याच. पुंडलिकराव दर वळणावर मला हलवून दाखवत होते. मी म्हटलं, गाई असणं आणि गोवऱ्या असणं यात फरक आहे. मग एका घरामागे शेणाचा मोठा ढीग दिसला. मी डोळे मिटून घेतले, मळमळत असल्यामुळे.

हिमालय अजून दिसला नाही. सगळीकडे धुरकट. घरवाल्याचा भाऊ हरीश उद्या आम्हाला वर नेणार. म्हणाला की पाऊस पडला तर हवा धुतली जाईल आणि सकाळी सगळं साफ दिसेल. जेवत असतानाच सरी आल्या. पत्र्यावर असा आवाज की बोलता येईना. पौर्णिमा पांघरूण घेऊन ओट्यावर बसून राहिली. आत ये म्हटलं तर म्हणाली, येतो, तुमी झोपा.

मला पण झोप नाही. एवढी वर्षं निळ्या खडूनं काढलेली ती रांग, उद्या ती समोर असेल. पंधरा-वीस बॅचेसना मी तिची उंची पाठ करायला लावली. उद्या मी पाहिली की झालं, मग कुणी काहीही विचारो.

निश्चय: उद्या सगळ्यात पुढे मी.

२० मे, सकाळी ६

निघालो. पुढे मी. हरीशला सांगितलं, तू मागे राहा, मागे म्हातारं माणूस आहे. खच्चरवालाही आला. खच्चराचं नाव रानी. सासूबाईंनी तिला बाजरीची भाकर दिली, मानेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, बिचारीवर काऊन बसू, मले पाय हायत. मोहिमेत हट्ट चालत नाही हे मी सांगितलं. त्या तोवर पुढे गेल्या होत्या. रानीवर सुटकेस लादली.

६.४०

थांबलो. थकलो नाही. बुरांशच्या झाडाचं निरीक्षण.

७ वाजता

थांबलो. खडकाचं निरीक्षण. पुंडलिकराव पुढे.

७.१५

बुटांचं निरीक्षण. पौर्णिमाही पुढे. तिनं माझी पाण्याची बाटली, कॅमेरा आणि काठी घेतली. आता माझ्याकडे फक्त ही वही आहे. नेत्याचे हात मोकळे असावेत.

८.३०

अर्धी वाट. इथे सपाट जागा आहे आणि एका बाईंचं चहाचं दुकान. समोर दरी, चारी बाजूंना पांढरे ढग, दिसत काही नाही. हरीश म्हणतो, थोडा वेळ थांबा, ढग हलतील, मग लगेच वर जाऊ. दुपारनंतर पुन्हा झाकोळतं.

एक अडचण. वनखात्याचा माणूस बसलाय. वर जाळ करायला बंदी, मे महिन्यात जंगलाला आगी लागतात म्हणून. त्यानं सुटकेस उघडून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा सुटकेसकडे. कोणत्या कलमात बसवावं हे त्याला सुचेना. शेवटी म्हणाला की दुकानाच्या चुलीशी, आडोशाला करा, वर काडीही न्यायची नाही.

पौर्णिमाचं मत पडलं की आधी वर जाऊन येऊ, उतरताना करू. सासूबाईंचंही तेच. हा ऐनवेळी निर्णय घ्यायचा क्षण होता, आणि मी घेतला. आधी रोडगे. कारण एक, ढग हलेपर्यंत वेळ आहेच. कारण दोन, रिकाम्या पोटी हिमालय पाहणं मला योग्य वाटत नाही. पुंडलिकरावांनी माझी बाजू घेतली. त्यांनी आधीच बाह्या सारल्या होत्या.

९.१५

गोवऱ्या पेटल्या. धूर. दुकानवाल्या बाई कौतुकानं पाहून राहिल्या. वांगी फोडणीला पडली. पौर्णिमानं कणीक मळून दिली आणि तिकडे जाऊन कड्यापाशी उभी राहिली.

दुकानाबाहेरची बाकं सगळी चुकीच्या बाजूला तोंड करून मांडलेली आहेत. बाईंना दिशांचं ज्ञान नसावं. उगवत्या सूर्याकडे तोंड केलं की डाव्या हाताला उत्तर, हे मी पाचवीपासून शिकवतो. ढगात सूर्याचा उजेड जिथे जाणवला त्यावरून मी उत्तर काढली आणि माझ्यासाठी एक खाट त्या बाजूला फिरवून घेतली. आता ढग हलले की मी पहिला.

१०.३०

रोडगे झाले. रोडगा फोडून त्यात तूप ओतलं की जो आवाज येतो तो वर्ध्यात काय आणि हिमालयात काय, सारखाच येतो. पहिला रोडगा पुंडलिकरावांनी डोंगराला दाखवून बाजूला ठेवला. दुसरा मी घेतला. भाजीला तेल वर आलेलं. तिसराही मीच घेतला, तो लहान होता. बाईंनी दोन खाल्ले आणि वनखात्याच्या माणसानं चार. मग अजून एक मी, त्याला सोबत म्हणून.

११ वाजता

हरीश म्हणतो, ढग फाटायला लागले, चला. हो म्हटलं. पाच मिनिटं आडवा होतो. अन्न जरा खाली उतरलं की माणूस वर चढतो.

२० मे, दुपारी ३.२०

ढग. गडद. वारा सुटलाय.

सगळे माझ्याभोवती चहा पीत बसलेले. मी विचारलं, निघायचं का. पुंडलिकराव म्हणाले, कुठं, आमी तं जाऊन आलो.

मला उठवलं म्हणे. पौर्णिमानं दोनदा, हरीशनं एकदा. सासूबाईंनी तोंडावर पाणी मारलं. मी म्हणे डोळे न उघडता सांगितलं, धडा आठवा काढा आणि आवाज करू नका. मग सगळे आवाज न करता गेले.

३.४०

मी वर निघालो. एकटा. हरीश मागून ओरडत होता की पाऊस येणार, आता जाऊन काही दिसणार नाही. दोन वळणं चढलो. पाऊस आला. काही दिसलं नाही. बुटांत पाणी. एका दगडावर बसलो.

वाईट वाटलं. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो, फार वाईट वाटलं. रडलो असतो, पण हरीश छत्री घेऊन आला.

संध्याकाळ

रानीवर बसून उतरलो. पैसे दिलेलेच होते, जनावर रिकामं जाऊ नये. पुढे सासूबाई चालत होत्या. अधूनमधून मागे वळून रानीला म्हणत होत्या, सांभाळून आणजो बाई.

२० मे, रात्री

पौर्णिमाला विचारलं, कसा होता. तिनं माझे ओले मोजे पिळून दोरीवर टाकले. मग म्हणाली, सांगता नाई येत. मी म्हटलं, शिखरं किती दिसली, त्रिशूल ओळखलं का, हिमनदी कोणत्या अंगाला होती. ती म्हणाली, मी काही ओळखलं नाई, फक्त पाहिलं. तिचे डोळे सुजलेले वाटले. वर वारा फार असणार.

पुंडलिकरावांना विचारलं. म्हणाले, जबरदस्त. पुढचं विचारलं तर म्हणाले, एकदम जबरदस्त. या माहितीवर व्याख्यान होत नाही.

सासूबाई झोपल्या होत्या.

२१ मे

दिवसभर पाऊस. टेकडी दिसत नाही. समोरची गाय दिसते.

२२ मे

परत निघालो. सुटकेस रिकामी आहे पण वास भरलेला आहे.

४ जून

विचार केला. शांतपणे, तर्कशुद्ध. मी हिमालयात होतो का? होतो. हिमालय तिथे होता का? होता. दोघं एकाच वेळी एकाच ठिकाणी होतो का? होतो. आता राहिला प्रश्न पाहण्याचा, तो तपशिलाचा आहे.

व्याख्यान लिहायला घेतलं. पहिलं वाक्य जमलं: ‘त्या दिवशी मी हिमालयाच्या कुशीत होतो.’ यात एक अक्षर खोटं नाही.

११ जून

दुसरं वाक्य जमत नाही. पौर्णिमाकडे फोटो मागितले. वर्णनाला उपयोगी पडतील. ती म्हणाली, कॅमेरा काजलकडे दिलाय. काजल माझीच विद्यार्थिनी, आता आमच्याच शाळेत विज्ञान शिकवते, समारंभाची सगळी तयारी तिच्याकडे. म्हणे सरांसाठी सरप्राइज आहे, आधी काही दाखवायचं नाही. चांगलंच आहे. माथ्यावरची रांग मोठ्या पडद्यावर लावतील आणि मी छडी घेऊन शिखरं दाखवीन. मी त्या फोटोत का नाही असं कुणी विचारलं, तर फोटो मी काढला असं म्हणता येईल. म्हणजे म्हणणार नाही. मान हलवीन.

२२ जून

दुसरं वाक्य: ‘हिमालय शब्दांत सांगता येत नाही.’ पौर्णिमाचंच आहे, पण घरातलं आहे. यानंतर काही सांगावं लागत नाही. व्याख्यान तयार.

३० जून, रात्री

शेवटचा दिवस. क्रमानं लिहितो.

दहा वाजता इस्त्रीचा सफारी घालून शाळेत पोचलो. फाटकापाशी गर्दी. जुनी पोरं आलेली, त्यांची पोरं आलेली. गर्दी बाजूला झाली आणि मला फ्लेक्स दिसला. फाटकाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत. रजतनं छापलेला, पैसे न घेता.

वर अक्षरं: ‘हिमालयाएवढ्या उंचीचे आमचे भोयर सर’. खाली फोटो.

फोटोत एक खाट आहे. खाटेवर मी आहे. एका कुशीवर, तोंड उघडं, एक बूट निघालेला, बनियनवर भाजीचा डाग. आणि माझ्या पाठीमागे, खाटेच्या या टोकापासून त्या टोकाच्याही पुढे, निळं आभाळ आणि सगळी रांग. पांढरी. इतकी जवळ की दुकानाच्या पत्र्याला टेकल्यासारखी वाटते. समोर बाकं दिसतात, त्यांची सगळ्यांची तोंडं बरोबर तिकडे आहेत.

म्हणजे वर जायचीही गरज नव्हती. कूस बदलली असती तरी दिसला असता.

मी पौर्णिमाकडे पाहिलं. ती म्हणाली, रजतनं तुमचा आन हिमालयाचा सोबत फोटो मागितला होता, असा हा एकच हाय. शिवाय तिला तो आवडतो. त्यात मी किती निवांत दिसतो म्हणे. ती खोटं बोलत नव्हती, तेच जास्त लागलं.

मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांची इज्जत बनियनवर गेली. मागच्या मागे घरी जावं म्हणून वळलो, तर पोरांनी हार घातला आणि मंचावर नेलं.

काजल बोलायला उभी राहिली. ती म्हणाली, आपल्यापैकी कुणी पहिल्यांदा हिमालय पाहिला तर डोळे फाडून पाहत बसेल. त्याच्याकडे पाठ करून, जेवून, घोरत झोपायला माणसानं तो किती वेळा पाहिलेला असावा लागतो. भोयर सरांसाठी हिमालय म्हणजे घरचं अंगण आहे. सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. हेडमास्तरांनी डोळे पुसले. मागून कुणीतरी ओरडलं, सर, तो मिलिटरीवाल्याचा चहा सांगा.

मी उभा राहिलो. पहिलं वाक्य म्हटलं. त्या दिवशी मी हिमालयाच्या कुशीत होतो. सगळे फ्लेक्सच्या दिशेनं पाहून हसले, प्रेमानं. दुसरं वाक्य म्हणायला तोंड उघडलं तर पहिल्या रांगेतल्या एका लहान पोरीनं हात वर केला. आमच्याच एका विद्यार्थ्याची मुलगी, चौथीतली असेल. म्हणाली, सर, पण तो दिसतो कसा?

मी मान हलवली. ती वाट पाहत राहिली. सगळेच वाट पाहत राहिले. मान किती वेळ हलवणार. मी खाली पाहिलं, सासूबाई बसलेल्या होत्या. मला माहीत नाही मी असं का केलं, पण मी माइक काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, यांना विचारा, या वर गेल्या होत्या.

सासूबाई लाजल्या नाहीत. माइक दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, आमच्या तळेगावचं वावर असते ना पोरी, कापूस फुटल्यावर बांधावरून पाहिलं की जिकडं तिकडं पांढरं, तसं ते वर उभं राह्यलेलं हाय. भल्लं मोठं. पाहिल्यावर आपल्याले वाटते आता काही बोलू नये. माही पोरगी बोलली नाई, रडली. तिले मी लहानपणीही तशी रडताना नाई पाहिलं. वारा आला तं तोंडाले असा गार लागला जसा कोणी माठातून काढलेला हात लावला. मग त्याच्यावर ऊन पडलं, पिवळं. मग ढगाची सावली पडली, तं जरा जांभळं. मले वाटलं, देवा, आता नेलं तरी चालते. पर मंग जवाईबापू खाली झोपले हायत हे आठवलं.

मी खिशातलं व्याख्यान काढलं, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सासूबाई सांगत होत्या ते सगळं लिहून घेतलं. ‘जांभळं’ हे मला माहीत नव्हतं. मी पोरांना कायम पांढरा सांगितला.

४ जुलै

निवृत्त. सकाळी साडेचारला जाग आली. गजर नव्हता.

रजतनं फ्लेक्स घरी पोचवला. नको म्हटलं तर म्हणतो, सर तुमचाच हाय. एवढा मोठा कपाटात मावत नाही. पौर्णिमानं तो पावसाची झड आत येऊ नये म्हणून ओसरीला बांधला. मी म्हटलं, छापील बाजू बाहेर नको, सगळी आळी पाहील. तिनं आत केली.

आता ओसरीत खुर्ची टाकून बसलं की समोर हिमालय दिसतो. रोज, ढग नसतात. पौर्णिमा चहा घेऊन येते आणि शेजारी बसते. कोणतं शिखर कोणतं ते मी तिला सांगतो, ती ऐकते. त्रिशूल तेवढं दाखवता येत नाही. ते माझ्या पोटामागे आहे.